पिकअप शेडमधलं गाठोडं

सोलापूर,
३ फेब्रुवारी २०२५

ती. चांगुणाताईस,
यशवंताचा सविनय जयभीम. वि. वि.

आम्ही परवा संध्याकाळी सुखरूप घरी पोचलो. फोनच केला असता, पण तुझे कान गेल्यापासून तू प्रत्येक वाक्याला बरं बरं म्हणतेस आणि माझं सगळं सांगणं वाया जातं. शिवाय दाजींनी तुला एवढं लिहा-वाचायला शिकवलं, ते त्यांच्यामागे गंजू द्यायचं नाही, असं मी ठरवलं आहे.

प्रवास उत्तम झाला. गाडी प्रभुलिंगरावांची. तेच चालवणार आणि मी शेजारी बसून पाट्या वाचणार, अशी आमची वाटणी. सव्वीस वर्षं कचेरीत शेजारच्या टेबलावर बसलेला माणूस, त्यामुळे आठ दिवस एका गाडीत काढूनही भांडण झालं नाही. पहिला मुक्काम सांगोल्याला, शेवंताच्या भावाकडे. नवनाथने डाळिंबाची बाग दाखवली आणि रात्री सोडलंच नाही. दुसरा मुक्काम कोल्हापूरला, प्रभुलिंगरावांच्या मुलीकडे. मग गगनबावड्याचा घाट उतरून तुझ्याकडे देवगडला, पुढे मालवण, वेंगुर्ला, आणि आंबोलीवरून परत. मालवणला महानंदावहिनी, म्हणजे प्रभुलिंगरावांच्या मंडळी, आयुष्यात पहिल्यांदा समुद्रात उतरल्या आणि लाट आली की महादेवाचं नाव घेत मागे पळाल्या. शेवंता हसून हसून वाळूत बसली.

तुझ्याकडे पाऊण तासच बसणं झालं याची रुखरुख आहे. मालवणची खोली आधी सांगून ठेवली होती आणि वाटेत आमचं जेवणही झालं होतं, म्हणून थांबता आलं नाही. पुढच्या वेळी दोन दिवस राहीन.

तू दिलेलं सुक्या मासळीचं गाठोडं परवाच सोडलं. सोडे तर असे की विचारू नकोस. शेवंताने कांद्यावर परतले आणि दिपकने तीन भाकऱ्या खाल्ल्या. बोंबील जपून ठेवले आहेत. आत्याच्या हाताला चव आहे, असं दिपक म्हणत होता.

त्याचं लग्न ११ मेला ठरलं, बुद्धपौर्णिमेच्या आदल्या दिवशी. तू पंधरा दिवस आधी यायचं. आत्याशिवाय हळद लागायची नाही, हे मी मुलीकडच्यांनाही सांगून ठेवलं आहे. शेवंता कामात आहे, तिने जयभीम सांगितला आहे.

तुझी माया आहे तशीच राहो.
तुझा,
यशवंत


देवगड,
१२ फेब्रुवारी २०२५

चि. यशवंतास,
अ. आ. व जयभीम. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. अक्षर अजून कचेरीतल्यासारखं आहे, टाचणी लावायची तेवढी राहिली. दिपकचं ठरलं हे वाचून लई आनंद झाला. मुलगी शिकलेली आहे असं शेवंता बोलली होती. तिला सांग, दिपकला लहानपणापासून ताटात टाकायची सवय आहे, पहिल्या दिवसापासून धाक ठेव.

इकडे आता ऊन चांगलं पडतं. मासळी दोन दिवसांत कडक वाळते. माझा गुडघा दुखतो, पण बाजार चुकवत नाही. तुमचे दाजी गेल्यावर घरात बसले असते तर भिंती खायला उठल्या असत्या. सांगोल्याची बाई कोकणात येऊन मासळी विकते, म्हणून इथल्या बाया पहिल्यांदा हसायच्या. आता खारे बांगडे कुणाचे बरे, ते मलाच विचारतात.

आता एक सांगते. गाठोडं माझ्या घरात आहे.

तुम्ही निघालात त्याच दिवशी संध्याकाळी आलं. शिवू कंडक्टर घेऊन आला. तो आपल्या अक्कलकोटकडचा, दाजींसारखाच यष्टीच्या नोकरीपायी इकडे पडलेला, मला मावशी म्हणतो. मिठबावच्या अलीकडे पिकअप शेडमध्ये बाकाखाली त्याला दिसलं. तू विसरलास की, वर्षानुवर्षं मी गाठोडी यष्टीनंच पाठवते. खाकी कापडात शिवून, वर दोन्ही पत्ते शाईनं लिहून. तुझाही आणि माझाही. दाजींनी घालून दिलेली रीत आहे. ते कुठंही टाकलं, तरी यष्टीचा माणूस ते माझ्या दारात आणणारच. आणि तू ते टाकलंस तेही यष्टीच्याच शेडमध्ये.

शिवूनं विचारलं, तेव्हा मी म्हणाले, माझा भाऊ विसरभोळा आहे, पाणी प्यायला उतरला असेल आणि राहिलं असेल. तुझ्यासाठी खोटं बोलले. मनात म्हटलं, खरंच विसरला असेल. पत्रात लिहील, ताई, गाठोडं हरवलं, रागावू नकोस. नऊ दिवस वाट पाहिली. पत्र आलं, त्यात दिपकनं तीन भाकऱ्या खाल्ल्या.

यशवंता, तुझे सोबती मासळी खात नाहीत हे तू आधीच कळवलं होतंस. म्हणून मी शेजारच्या शाकाहारी काकूंकडून भांडी मागून आणली, शेंगांची आमटी केली, भाकऱ्या थापल्या. चुलीजवळ मासळीचा तुकडासुद्धा ठेवला नाही. तू दारातनंच म्हणालास, जेवून आलो. ती आमटी मी दोन दिवस खाल्ली. त्याचं मला काही वाटलं नव्हतं. आता वाटतं. तू मासळीचा वास लपवत होतास की माझा?

लग्नाला मी येत नाही. तुझी कचेरीची माणसं येतील, मला कुठं बसवावं म्हणून तुझा जीव टांगणीला लागेल. दिपकला इथनं आशीर्वाद आहेत. तुला उपाशी ठेवावं वाटत नाही, पण आता गाठोडं पाठवणार नाही.

सर्वांनी जपून राहावं.
ताई


सोलापूर,
२० फेब्रुवारी २०२५

ती. ताईस,
स. जयभीम. वि. वि.

पत्र वाचलं आणि अंगणात जाऊन बसलो. शेवंताने काय झालं म्हणून विचारलं नाही. तिला माहीत होतं. मागच्या पत्रात ती कामात आहे असं मी लिहिलं, ते खोटं होतं. सोड्यांचं खोटं मी लिहीत होतो, तेव्हा ती समोरच उभी होती. असल्या पत्राखाली माझं नाव घालू नका, असं म्हणून ती आत गेली.

जे झालं ते सांगतो. तुझ्याकडून निघाल्यावर गाडी उन्हात तापली आणि डिकीतून वास येऊ लागला. महानंदावहिनींनी पदर नाकाला लावला. प्रभुलिंगराव हसत म्हणाले, डिकीत उंदीर मेला की काय. मी पण हसलो. मिठबावच्या अलीकडे समुद्र दिसला म्हणून ते दोघे फोटो काढायला उतरले. मी डिकी उघडली, गाठोडं काढलं आणि शेडमध्ये बाकाखाली ढकललं. कुणा गरिबाला मिळेल, असं मनाशी म्हणालो. गरिबाचा त्यात काही संबंध नव्हता. शेवंता गाडीत बसून सगळं बघत होती. 

तू विचारलंस, वास कुणाचा लपवला. उत्तर द्यायला चार दिवस लागले. मी कोण, कुठला, हे प्रभुलिंगरावांना पहिल्या दिवसापासून माहीत आहे. ते लपवण्यासारखं नव्हतं, आणि लपवावं असं आबांनी आपल्याला शिकवलंही नाही. पण कचेरीत लागलो त्याच आठवड्यात जेवणाच्या सुट्टीत त्यांनी मला त्यांच्या टेबलाशी बोलावलं. माझ्या डब्यात तू पाठवलेल्या सुकटीची चटणी होती. मी डबा उघडलाच नाही. म्हणालो, धम्मशिबिराला जाऊन आलो, तेव्हापासून घरात मासमच्छर बंद केलं. एवढं एकच वाक्य. मग सव्वीस वर्षं ते सांभाळत बसलो. तुझं गाठोडं डेपोतून आणायचो ते तीन पिशव्यांत घालून. सोडे खायचे ते रविवारी खिडक्या लावून. शेवंता वैतागायची. मुलांना वाटायचं, आपण चोरी करतोय.

तुझ्या दारात मी जेवून आलो म्हणालो, तेव्हा आमच्या पोटात सकाळच्या पोह्यांखेरीज काही नव्हतं. तुझ्या घरात जेवायला बसलो असतो, तर बोलण्यात कुठून तरी ती गोष्ट निघाली असती. त्यांना वास येईल याची भीती होती, ताई, आणि तू काय विकतेस हे त्यांना कळेल याची जास्त होती. बारावीत नापास झालो तेव्हा तुझ्याच दोन खोल्यांच्या घरात राहून, दाजींच्या ओरडण्याखाली परत परीक्षा दिली. त्यातूनच मी कचेरीत बसलो. आणि बसल्याबरोबर पहिली लाज तुझीच वाटली. 

प्रभुलिंगरावांनाही आज पत्र टाकलं आहे. निवृत्तीनंतर ते दुधनीला गावी राहतात. समोर बसून सांगायची हिंमत नव्हती. लग्नाला ये असं म्हणायचा मला हक्क उरलेला नाही. पण तू आली नाहीस, तर का आली नाहीस हे मी दिपकला खरं सांगणार आहे.

जमलं तर दोन ओळी लिही. शिव्या असल्या तरी चालतील.
तुझा,
यशवंत


दुधनी,
२७ फेब्रुवारी २०२५

प्रिय यशवंतराव यांस,
शरणु शरणार्थी. स. न. वि. वि.

तुमचं पत्र दोनदा वाचलं, मग हिला वाचून दाखवलं. आता मी लिहितो ते शांतपणे वाचा.

मासळीचं मला ठाऊक होतं. पहिल्या महिन्यातच ठाऊक होतं. तीन काय, सात पिशव्यांत घातलं तरी सुकट लपत नाही. डेपोतून गाठोडं आणलं की तुम्ही त्या दिवशी सायकल कचेरीमागे लावायचा. आम्ही खात नाही, पण म्हणून तुम्ही खाऊ नये असं मी एकदा तरी म्हटलं होतं का? मला वाटायचं, हा माणूस मला एवढा हलका समजतो की माझ्यासमोर स्वतःचा डबा उघडत नाही. विचारावं असं दहादा वाटलं. विचारलं तर तुम्हाला लाज वाटेल म्हणून गप्प बसलो, आणि गप्प बसायची सवय झाली.

उंदराचं मी थट्टेत बोललो. काय आहे ते कळलं होतं. आता तरी तुम्ही सांगाल असं वाटलं. हिनं पदर लावला तो घाटात उलटी झाली होती म्हणून. पोटात काही नव्हतं. तुमच्या ताईंच्या घरातून आमटीचा वास येत होता आणि तुम्ही जेवून आलो म्हणालात, तेव्हा ही माझ्या तोंडाकडे बघत राहिली. पुढं टपरीवर आपण चौघांनी दोन दोन वडापाव खाल्ले, आठवतं का? जेवून आलेल्या माणसांनी!

आता माझं सांगतो. तुम्ही गाठोडं शेडमध्ये ठेवलं, ते मला दिसलं. फोटो काढताना मी मागं वळून बघितलं होतं. जाऊन उचलायला पाहिजे होतं, किंवा तुम्हाला हाक मारायला पाहिजे होती. मी फोटो काढत राहिलो. डिकीत ते नसलं तर बरं, असं मलाही क्षणभर वाटलं. ते हिला परवा सांगितलं, तर ती मला कानडीत म्हणाली, नीऊ हंगे? म्हणजे तुम्हीसुद्धा तसलेच का. तर लाज तुमच्या एकट्याच्या वाट्याची नाही.

ताईंना मी वेगळं पत्र लिहिलं आहे. काय लिहिलं ते त्यांचं आणि माझं.

स्नेह होता तसाच आहे, तो आता उघड्या डब्याचा असावा.
आपला,
प्रभुलिंग


देवगड,
३० मार्च २०२५

चि. यशवंतास,
अ. आ. व जयभीम. वि. वि.

तुझं पत्र आलं तेव्हा वाचून फडताळात टाकलं. मग प्रभुलिंगरावांचं आलं. अक्षर वाईट आहे, पण माणूस सरळ वाटला. उत्तराला महिना लागला, कारण लिहायला बसले की राग यायचा, आणि रागात लिहिलेलं तुमच्या दाजींना आवडत नसे.

माफ केलं असं मी लिहिणार नाही. लिहिलं तर तुला बरं वाटेल. मला नाही वाटणार.

दिपकसाठी येईन. पण अशी येणार नाही. माझ्या लग्नाला बेचाळीस वर्षं झाली. दाजींना पास होता, म्हणून मी आपली आपण माहेरी यायचे आणि आपली आपण परत जायचे. आजूबाजूच्या बायांना न्यायला भाऊ यायचे, दोन दिवस राहायचे, बहिणीची पिशवी खांद्यावर टाकून घेऊन जायचे. मला न्यायला एकदाही मुराळी आला नाही. आबांना शेतातनं निघता यायचं नाही, आणि तुला कचेरी होती. मी कधी बोलले नाही. आता बोलते. तू मुराळी म्हणून ये. गाडी आणू नकोस, यष्टीनं ये. बाजाराच्या आदल्या दिवशी ये, म्हणजे दुसऱ्या दिवशी माझ्याबरोबर बाजारात बसशील. तिसऱ्या दिवशी निघू.

यायचं नसेल तर कळवू नकोस. नाही आलास की मी समजेन.

शेवंताला आशीर्वाद. ती गुणाची आहे.
ताई


सोलापूर,
४ मे २०२५

प्रिय प्रभुलिंगराव यांस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

सव्वीस वर्षं तुम्हाला नमस्कारच लिहीत आलो. आज हात आपोआप हे लिहून गेला, ते राहू दिलं.

ताईला घेऊन काल आलो. हे फोनवर सांगण्यासारखं नाही, म्हणून पत्र.

परवा तिच्याबरोबर बाजारात बसलो. पावसाळ्याची बेगमी करायला गर्दी होती. तिने मला गोणपाट दिलं, बस म्हणाली. मी सोडे मापून दिले, बांगडे कागदात बांधले, आणि दुपारपर्यंत माझ्या अंगाला असा वास लागला की माशा माझ्याच भोवती. बाया विचारायच्या, हे कोण. ताई सांगायची, सोलापूरचे हायेत, वळखीचे. प्रत्येकीला तेच. पहिल्यांदा मला वाटलं, भाऊ म्हणून मीच सांगावं. पण तोंड उघडेना. ज्याने बहिणीला बेचाळीस वर्षांत न्यायला येऊ नये, तिचं गाठोडं रस्त्यात टाकावं, त्याला ओळखीचा म्हणतात हेच जास्त, असं वाटून खाली मान घालून मापं करत राहिलो. संध्याकाळपर्यंत मी ओळखीचाच होतो.

रात्री तिने जेवायला वाढलं आणि आपलं ताट घेऊन चुलीपाशी बसली. सकाळी तिची पिशवी खांद्यावर टाकली आणि स्टँडवर आलो. गाडीत कंडक्टर शिवू. त्याने मला ओळखलं नाही. ताईने खुणेनं काही सांगितल्यावर माझ्याकडे बघून हसला आणि म्हणाला, तुमीच व्हय ते गाठोडं इसरलेले मामा, आता मावशीला तरी इसरू नगा. गाडीतली चार माणसं हसली. चांगला मुलगा आहे, थट्टेनंच बोलला.

ताई माझ्या ओठांकडे बघत होती. हो म्हटलं असतं तर तिथंच संपलं असतं. तिनेच तर ते खोटं माझ्यासाठी रचलं होतं. मी शिवूला सांगितलं, की विसरलो नव्हतो, टाकून दिलं होतं. सोबत्यांसमोर मासळीची आणि बहिणीची लाज वाटली म्हणून. शिवू तिकिटाच्या मशीनकडे बघत उभा राहिला. ताईला नीट कळलं नाही. ती म्हणाली, काय म्हणलास, मोठ्यानं सांग. प्रभुलिंगराव, तिच्या कानाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं तेच वाक्य मी पुन्हा म्हणालो. गाडी भरलेली होती. ड्रायव्हरनंसुद्धा आरशात बघितलं. कोणी हसलं नाही. त्या वेळी खाली उतरून पळून जावं असं वाटलं, आणि उतरलो नाही, एवढंच माझ्या बाजूने सांगण्यासारखं आहे.

ताईने कमरेची पिशवी सोडून पैसे काढले. मग शिवूला म्हणाली, कोल्हापूर दोन दे. आणि बहिऱ्या माणसाचा आवाज कसा असतो तुम्हाला माहीत आहे, मागच्या बाकापर्यंत ऐकू गेलं. म्हणाली, ह्यो माझा भाऊ हाय. मला न्यायला आलाय.

मी खिडकीकडे तोंड करून बसलो. घाट चढेपर्यंत मला इकडे बघता आलं नाही.

लग्न येत्या रविवारी आहे. तुम्ही आणि महानंदावहिनी शनिवारीच या. ताईने तुमच्यासाठी शेंगांची आमटी करायचं ठरवलं आहे, आमच्याच भांड्यात, आणि तुम्हाला चालेल का हे मी विचारायचं नाही, असं तिने मला बजावलं आहे.

तुमचा लोभ मला पुरून उरला आहे, तो ताईच्याही वाट्याला यावा.
आपला,
यशवंत